आणखी दोनदा विचारा

माझ्या बायकोने कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला घेतल्याचं मला आठवत नाही. तिला बघायला आम्ही ठाण्याला गेलो, तेव्हा माझे वडील म्हणाले, "पायपेटी वाजवतेस म्हणे. वाजव काहीतरी." ती म्हणाली, "नको, मला काही येत नाही." वडील म्हणाले, "जे येतं ते वाजव." ती म्हणाली, "खरंच नको." तिसऱ्यांदा सांगितल्यावर मात्र ती उठली, आणि असं वाजवलं की माझ्या हातातला चहा गार झाला. मी तेव्हा पंचविशीचा आणि स्वभावाने तिरसट. पहिल्या नकारालाच मनात म्हणालो होतो, नाही तर नाही, चला घरी. वडील सोबत होते म्हणून लग्न झालं.

खरं तर यात तिचं वेगळं काही नव्हतं. आमच्याकडे घरोघरी हीच रीत. कुणाकडे गेलं की चहा दोनदा नाकारायचा आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं. पहिल्या हाकेला पाटावर बसतो तो हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसतो तो कद्रू. आई म्हणायची, "एकदा विचारणं म्हणजे न विचारणंच." माझी तऱ्हा त्याहून वाईट. मी कुणाकडे काही मागायचोच नाही. रस्ता चुकलो तर दोन मैल जास्त चालेन, पण तोंड उघडणार नाही. याला मी स्वाभिमान म्हणत असे. बायको याला काय म्हणत असे ते तिने कधी सांगितलं नाही.

अशी ही दोन माणसं डोंबिवलीहून जीपने युरोपात गेली, ही गोष्ट आजही कुणाला खरी वाटत नाही.

झालं असं की, ठाण्याच्या ज्या कारखान्यात मी फोरमन होतो तिथे जर्मनीहून नवी यंत्रं यायची होती. ती शिकून घ्यायला मला सहा महिने तिकडे पाठवायचं ठरलं आणि बोटीचं भाडं हातात आलं. माझ्याकडे जीप होती. लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पात लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतली ती एक. तिचं इंजिन मी रविवारी-रविवारी स्वतः बांधलं होतं. त्याच कॅम्पातल्या बराकीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीने मला गियरबॉक्स जुळवून दिला होता. त्याला मी सहज म्हटलं, बोटीने काय जायचं, या गाडीने गेलो तर? हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "क्वेट्ट्याच्या पुढे रस्ता नाहीच. पण जाता येतं." एवढं मला पुरलं.

बायकोला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "मी कशाला? तुम्ही जा." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हणाली, "माझी अडचणच होईल." तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "मेतकूट किती घ्यायचं?" म्हणजे बाईंची तयारी कधीच सुरू झाली होती. शेजारपाजारचे म्हणाले, याला वेड लागलंय आणि तिलाही लावलंय. आम्ही जीप घेऊन टिटवाळ्याला गणपतीपुढे नारळ फोडून आलो. जाताना-येताना काही गळलं नाही, तेव्हा गाडी पास झाली असं मी जाहीर केलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने एकच विचारलं, "लहान हातपेटी मावेल का हो?" मी म्हणालो, "पेट्रोलचे डबे कुठे ठेवू? डोक्यावर?" घरातल्या पायपेटीवर तिने एक जुनं लुगडं घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं आणि कुलूप लावून आम्ही निघालो.

रस्त्याचं सगळं सांगत बसलो तर दुसरं काही सांगता येणार नाही. पण त्या बाईबद्दल सांगितलंच पाहिजे. डोंबिवलीला विहिरीवरून पाणी आणून घर चालवणाऱ्या बाईने क्वेट्ट्यापासून इराणातल्या झाहेदानपर्यंत दोन डब्यांच्या पाण्यात स्वयंपाक, भांडी आणि आमची तोंडं भागवली. वाळूत चाक रुतलं की पाचवारी खोचून ती मागून गाडी ढकलायची, आणि गाडी निघाली की आधी स्टोव्ह शाबूत आहे का ते बघायची. नकाशा तीच वाचायची. मी चुकलो की "इथून उजवीकडे वळायचं होतं वाटतं" असं म्हणायची. त्यातलं "वाटतं" केवळ माझ्यासाठी असायचं.

प्रवासभर तिची बोटं मांडीवर किंवा जीपच्या पत्र्यावर हलत असायची. मला वाटायचं, गाडीचे हादरे.

इराणात आमचं फार छान जमलं. तिथली माणसं आग्रहात आमच्या वर. चहावाला पैसे घ्यायला दोनदा नकार द्यायचा, आम्ही चहा घ्यायला दोनदा नकार द्यायचो, आणि मग दोन्ही बाजू खुश. केरमानच्या एका घरी तर बायकोने चारदा नको म्हटलं, तरी त्या बाईने पाचव्यांदा वाढलं. "अगदी आपल्यासारखे आहेत हो," बायको म्हणाली. तुर्कस्तानातही तेच. युगोस्लाव्हियात जरा कमी झालं, पण आमच्या ते लक्षात आलं नाही. पासपोर्टावर शिक्के पडत होते, तेवढ्याकडे आमचं लक्ष होतं.

व्हिएन्नाला पोचलो तेव्हा घर सोडून तीन महिने होत आले होते. कारखान्यात हजर व्हायला हाताशी पाच दिवस होते. ते या शहरात काढायचे असं घरीच ठरलं होतं, आणि ते बायकोने ठरवलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं.

शहराच्या पश्चिमेला टेकड्यांच्या पायथ्याशी तंबू ठोकायचं मैदान होतं. डच, फ्रेंच, इंग्लिश लोकांचे रंगीत तंबू, आणि मध्ये आमचा खाकी, कॅम्पातलाच. सकाळी नळाला गरम पाणी यायचं. पहिल्या दिवशी बायको त्या नळाखाली हात धरून नुसती उभी होती. मागे रांग लागली, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. त्या माणसांचं मला फार कौतुक वाटलं. परक्या फौजा नुकत्याच शहर सोडून गेल्या होत्या. कितीतरी इमारतींच्या जागी मोकळी मैदानं होती, पण रस्ता झाडलेला, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, आणि ट्रॅममध्ये म्हातारी चढली की चार माणसं उठायची. बॉम्ब पडलेल्या घरांच्या विटा साफ करून रचून ठेवलेल्या होत्या, एकावर एक, ओळंब्यात. मी फोरमन माणूस, मला राजवाड्यांपेक्षा त्या विटा आवडल्या. तरी राजवाडे पाहिले. मोठा आकाशपाळणा पाहिला, त्यात बसलोही. बायकोने वरून खाली बघत विचारलं, "यातलं मोठं देऊळ कुठलं?"

त्या मोठ्या कॅथीड्रलला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. छपरावर रंगीत कौलांची नक्षी, आत दगडाचे खांब असे की मान दुखेपर्यंत वर पाहावं. मी पाहतच राहिलो. बायको मात्र सरळ मागे वळून दाराच्या वरच्या बाजूला काहीतरी शोधत होती. तिथल्या एका माणसाने इंग्रजीत समजावलं की मोठा ऑर्गन लढाईत जळून गेला, नवा अजून बसायचा आहे. ती "बरं" म्हणाली आणि बाकावर बसली. बराच वेळ बसली.

त्या संध्याकाळी तंबूपुढे भात शिजत असताना तिने मला ती गोष्ट सांगितली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, मला ती पहिल्यांदा कळत होती. ठाण्याच्या तळ्याकाठी चर्च आहे. ती सात-आठ वर्षांची असताना रविवारी सकाळी त्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. आतून पेटीचा आवाज यायचा. आत जायची सोय नव्हती. घरी कळलं असतं तर पाठ सोलली असती. तिथे ऐकलेलं ती घरी येऊन वडिलांच्या पायपेटीवर चाचपडत बसवायची. वडील शाळामास्तर, त्यांना वाटायचं मुलगी स्वतःच चाली लावते. पुढे एका पुस्तकात तिने व्हिएन्नाच्या चर्चमधल्या ऑर्गनचं चित्र पाहिलं, माणसाहून उंच नळ्यांचं. "तेव्हापासून वाटायचं," ती म्हणाली, "त्याच्या पट्टीवर एकदा बोट ठेवावं. एकच सूर. बाकी काही नाही."

मला हातपेटी आठवली. भात करपला, तरी मी तो गुपचूप खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, भाजीबाजारामागच्या एका गल्लीतून जाताना एका लहानशा चर्चमधून सूर ऐकू आले. बायको थांबली. आम्ही आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. वर सज्जात नळ्या उभ्या होत्या, आणि एक म्हातारा पाठमोरा वाजवत होता. अर्ध्या तासाने तो लाकडी जिन्याने खाली आला. साडी पाहून थबकला आणि हसला. लढाईत इंग्रजांच्या कैदेत दोन वर्षं काढली, तिथे इंग्रजी शिकलो, असं त्याने आपण होऊनच सांगितलं. मी त्याला सांगितलं की माझी बायको पायाने भाता मारायची पेटी वाजवते.

त्याचा चेहरा उजळला. तो तिला म्हणाला, "मग वर या ना. वाजवून पाहा."

बायको म्हणाली, "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास."

म्हाताऱ्याने मान लववली, म्हणाला, "जशी तुमची इच्छा." जिन्याचं दार ओढलं, किल्ली फिरवली, कोटाच्या खिशात टाकली. आम्हाला चांगल्या प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या आणि बाहेर जाऊन सायकलवर बसला.

मी तिथेच उभा होतो. खरं सांगतो, तो दुसऱ्यांदा विचारेल याची मी वाट पाहत होतो. तीही पाहत होती. सायकल गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा आम्हा दोघांना एकदमच कळलं की विचारून झालं होतं.

तळावर तिने पिठलं केलं. पहिल्याच घासाला कळलं, मीठ नाही. ठाण्याच्या मिठागरांच्या वाऱ्यावर वाढलेली बाई, दहा वर्षांत पहिल्यांदा मीठ विसरली. मी चिडलो, पिठल्यावर नाही, त्या म्हाताऱ्यावर. "कसली ही माणसं! एकदा विचारलं आणि कुलूप लावलं. आग्रह म्हणून काही आहे की नाही?"

ती म्हणाली, "त्याचं काय चुकलं? त्याने माझा शब्द खरा मानला." मग म्हणाली, "पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हणणार होते हो." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूत गाडी दोन दिवस अडकली तेव्हा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल, आपणच जाऊन सांगू. ती म्हणाली, "छे, आपल्या तोंडाने कसं मागायचं? आणि मागायचं तुम्ही मला शिकवताय?" हा टोला बरोबर बसला. तरी मी एकटा जाऊन चर्चच्या पायरीवर दोन तास बसून आलो. दार बंदच राहिलं. समोरच्या पाववालीला म्हातारा कधी येतो ते विचारायचं होतं. तीनदा उठलो आणि तीनदा परत बसलो.

शेवटचा दिवस शनिवार होता. दुपारी तंबू काढून निघायचं होतं. सकाळी मी बायकोला म्हणालो, "वाटेसाठी कांदे घ्यायचे आहेत ना?" कांदे भरपूर होते, तिला ते ठाऊक होतं. तरी ती जीपमध्ये बसली. चर्चचं दार उघडं होतं. म्हातारा जिन्याच्या दाराशी खिशात किल्ली शोधत होता. बायको मागच्या बाकावर बसली आणि मी पुढे गेलो.

आयुष्यात मी कधी साहेबाकडे बढती मागितली नव्हती. मी म्हणालो, "परवा माझी बायको नको म्हणाली. आमच्याकडे दोनदा नको म्हणायची रीत आहे. होकार तिसऱ्यांदा देतात. तुम्ही एकदाच विचारलंत. कृपा करा, तिला आणखी दोनदा विचारा."

म्हाताऱ्याने किल्ली शोधायचं थांबवलं. मला वाटलं, हाकलून देणार. त्याने विचारलं, "म्हणजे परवाचं एक धरायचं?"

"धरायचं," मी म्हणालो.

त्याने टोपी काढून हातात घेतली, बाकांच्या दोन्ही ओळींमधून चालत शेवटपर्यंत गेला, बायकोपुढे वाकला आणि म्हणाला, "मॅडम, आमचा ऑर्गन वाजवाल का?"

आणि माझी बायको म्हणाली, "नको, नको, खरंच नको."

मी कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी लांबूनच एक बोट वर केलं. तो पुन्हा वळला, पुन्हा वाकला, आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, मी तिसऱ्यांदा विचारतो आहे." त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो त्या शहरातल्या एकाही राजवाड्याबद्दल वाटला नव्हता.

बायको उठली. म्हाताऱ्याने जिन्याचं दार उघडलं, तिथे तिने चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी वर चढली. म्हातारा आणि मी मागोमाग गेलो. पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या, एकीवर एक. ती बाकावर बसली, हात जोडले आणि पायपेटीवर बसल्यावर करायची तसंच सवयीने दोन्ही पाय खाली दाबले.

सगळं चर्च गडगडलं. खालच्या लाकडी पट्ट्या भात्याच्या नव्हत्या, खर्जाच्या सुरांच्या होत्या. ती दचकून बाकावरून पडणार होती. म्हातारा हसता हसता भिंतीला टेकला. मग त्याने समजावलं की हवा मोटरने येते, इथे पायांनीसुद्धा वाजवतात. "मग मी पाय ठेवू कुठे?" तिने मला मराठीत विचारलं. उत्तराची वाट न बघता दोन्ही पाय वर घेतले आणि बाकावर चक्क मांडी घातली. म्हाताऱ्याने बाक जरा मागे ओढून दिला.

तिने एक सूर लावला. तेवढ्यासाठीच ती आली होती. पण बोटं थांबली नाहीत. ती जे वाजवू लागली ते मी लगेच ओळखलं. डोंबिवलीला रोज दिवेलागणीला ती ते वाजवायची. कामावरून येताना जिन्यातच माझ्या कानी पडायचं. दहा वर्षं मी ते तिच्या वडिलांनी बसवलेलं भजन समजत होतो. इथे त्या नळ्यांतून ते आलं, आणि म्हाताऱ्याचं हसू एकदम थांबलं. "हे आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये म्हणतो," तो हळूच म्हणाला. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि एका हाताने खालच्या ओळीवर तिला साथ देऊ लागला. तिने मान वर केली नाही. लहानपणीच्या तिच्यासारखंच मीही ते रोज भिंतीच्या बाहेरून ऐकत होतो, आणि तेही माझ्या घरातच राहून, हे मला तिथे समजलं. मी रडलो. सांगायला लाज कसली.

वाजवून झालं. तिने हात मांडीवर ठेवले. म्हाताऱ्याने खिशातून घड्याळ काढून पाहिलं, परत ठेवलं आणि विचारलं, "आणखी एक वाजवाल?"

मी सवयीने म्हणालो, "नको, नको, तुम्हाला उशीर होईल."

"हो," माझी बायको म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी जिना उतरून खाली आलो, तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.